एकशे बारा नंबरचा बहावा

आमच्या गल्लीतल्या बहाव्याच्या खोडावर कुणीतरी लाल रंगाने ११२ हा आकडा घालून गेलं, तेव्हा मी दाढी करत होतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे जे झालं त्यात दैवाचा वाटा किती आणि माझा किती, अशी वाटणी निघाली की माझी बायको मीरा म्हणते, "तुम्ही खिडकीतच तर होते. विचाराले काय झालं होतं?" आता एका गालावर फेस असलेल्या माणसाने रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून काय विचारावं? शिवाय माझी गोष्ट जरा वेगळी आहे. आमच्या साहित्य मंडळाने मला 'निसर्गकवी श्यामकांत देवपुजारी' असं मानपत्र दिलेलं आहे आणि ते हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेलं आहे. निसर्गकवीने बनियनवर खिडकीतून ओरडणं बरं दिसत नाही.

मी खाली उतरेपर्यंत रंगवणारा निघून गेला होता. रंग अजून ओला होता आणि एक थेंब खोडावरून खाली ओघळत होता. तो थेंब पाहिला आणि माझे डोळे भरून आले. रस्ते रुंद करायचे असले की झाडांवर लाल फुल्या मारतात आणि आठवड्याभरात करवत घेऊन माणसं येतात, हे मी पेपरात वाचलेलं होतं. घरी येऊन मी सोफ्यावर बसलो आणि मीराला म्हणालो, "आपला बहावा गेला."

"कुठं गेला? दिसून तर राहिला."

"लाल रंग लावलाय त्याला."

"पन आकडा आहे ना तो? फुली थोडीच आहे?"

"आकडा काय अन् फुली काय! रंग लालच ना?"

"काहून रडून राहिले? आधी कोनाले विचारा तर खरं," असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. तिचं सगळं असंच आहे. एकदा मी पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहत बसलो होतो, तर गच्चीवरचे पापड आत आणायला सांगून गेली.

एक झाड गेलं तर एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. रायपूरच्या आमच्या शंकर नगरात झाडं कमी नाहीत. पण हे झाड यज्ञेश्वर सरांच्या खिडकीसमोरचं आहे.

यज्ञेश्वर हरदास सर आमच्या समोरच्या घरात तळमजल्यावर राहतात. जन्मभर त्यांनी कॉलेजात कविता शिकवली, आणि तीही कुठली, तर एकटेच डोंगरदऱ्यांतून हिंडणाऱ्या, ढग दिसला की थांबणाऱ्या, फूल दिसलं की आतून हलणाऱ्या त्या जुन्या इंग्रज कवींची. मी त्यांचा विद्यार्थी होतो. पुढे मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो, पण कवितेचं खूळ त्यांच्याच वर्गात लागलं. गंमत अशी, की असल्या भावनेने ओथंबलेल्या कविता शिकवणारा हा माणूस स्वतः कमालीचा कोरडा. मी कविता वाचून दाखवली की ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एकच वाक्य म्हणत, "श्यामकांत, आधी बघ, मग रड. तू आधी रडून घेतोस."

दर उन्हाळ्यात बहावा फुलला की ते मला बोलावून घेत. झाडापुढे उभं करत आणि म्हणत, "एक ओळ म्हण. त्यात 'हृदय' नको, 'जणू' नको." मी ओळ म्हणे. ते "नाही" म्हणत आणि आत चहा सांगत. इतकी वर्षं हे चाललं. एकदाही त्यांच्या तोंडून "बरं आहे" निघालं नाही. मंडळाने मानपत्र दिलं त्या दिवशीसुद्धा त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि चौकट चांगली आहे म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर भाषाही गेली. कवितेवर तासनतास बोलणाऱ्या माणसाकडे पाचसात शब्द उरले. 'हं', 'नाही', 'चहा', 'बघ', असे. डॉक्टर म्हणाले, काही शब्द परत येतील, पण कुठले आणि कधी ते सांगता येत नाही. त्यांच्या मुलीने, ज्ञानदाने, नोकरीतून सुट्टी घेऊन त्यांचा पलंग खिडकीशी लावला. तेव्हापासून सर दिवसभर त्या बहाव्याकडे पाहत पडून असत. पानं गळत होती, काळ्या लांब शेंगा वाऱ्यावर हलत होत्या, आणि सर मे महिन्याची वाट पाहत होते. हे ते बोलत नसत, पण ज्ञानदाला माहीत होतं आणि मलाही. झाडाच्या मागे, आमच्या घराला लागून, एका बंद गोदामाची लांबच लांब भिंत आहे. झाड गेलं असतं तर त्यांच्या वाट्याला ती भिंत उरली असती. मला रडू आलं ते याचं.

तर मी डोळे पुसत सरांकडे गेलो. त्यांनी आकडा आधीच पाहिलेला होता. मला पाहताच त्यांनी डावा हात उचलला, बोट झाडाकडे केलं, मग ते बोट गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. "बघ," ते म्हणाले. "बघ. बघ."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हुंदका दिला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा बोट फिरवलं.

"काका, बाबा काही तरी सांगून राहिले," ज्ञानदा म्हणाली.

"कळलं मला, बेटा. सगळं कळलं," मी म्हणालो. "सर, तुमच्या झाडाला मी हात लावू देणार नाही."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना समाधान वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. बरोबर चार कडव्यांचं निवेदन होतं. खिडकीवरच्या बाबूने पहिलं कडवं वाचलं, कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, "काटना है?"

"नहीं काटना है," मी म्हणालो.

"तो?"

"मतलब, नहीं काटना है, इसका आवेदन है."

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. "भैया, पेड़ काटने का आवेदन होता है. नहीं काटने का कोई आवेदन ही नहीं है. आप ऐसा करो, काटने का लगा दो. तीन-चार साल तो वैसे भी कुछ नहीं होगा."

मी ताडकन उठलो. निसर्गकवीने स्वतःच्या सहीने झाड तोडायचा अर्ज करायचा? मी वृक्ष शाखेचा बाबू कुठे आहे ते विचारलं. तो मतदार यादीच्या कामावर गेला होता. कधी येणार, ते यादीलाच माहीत. मी निवेदन तिथेच ठेवून बाहेर पडलो. आज वाटतं, त्या खिडकीवरच्या बाबूचं ऐकलं असतं तर तो बहावा अजून उभा असता. पण तेव्हा मला फक्त अपमान दिसला.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या साहूजींचं पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे आणि त्यांची पांढरी गाडी त्याच बहाव्याखाली उभी असते. झाडाची चिकट पानं काचेवर पडतात म्हणून ते रोज सकाळी कुरकुरत. म्हणजे रंगवणाऱ्याला यांनीच बोलावलं असणार, असा माझा पक्का संशय होता. पण तेच माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "देवपुजारीजी, एक गोल पत्थर लाओ, सिंदूर लगाओ, पेड़ के नीचे रख दो. फिर किसी के बाप की हिम्मत नहीं."

मी म्हणालो, "साहूजी, निसर्ग हाच देव आहे. त्याला दगडाची गरज नाही."

"हव, वो तो है," साहूजी म्हणाले, "पर जेसीबीवाले को नहीं मालूम ना."

मी दगड आणला नाही. कवितेने जग बदलतं असं मानणारा माणूस शेंदराच्या पुडीला शरण गेला, असं मंडळाच्या इतिहासात लिहिलं गेलं असतं.

मंडळाचे सचिव विनायकराव आले आणि प्रश्न एका वाक्यात सुटला. "कार्यक्रम घेऊ," ते म्हणाले.

इथे आमच्या लोकांविषयी थोडं सांगायला हवं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आमची काही घरं या मुलखात आहेत. आमची मुलं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात आणि नातवंडं तेवढंही देत नाहीत. पण एक गोष्ट आम्ही सोडलेली नाही. आनंद झाला तरी कार्यक्रम, दुःख झालं तरी कार्यक्रम. आणि प्रमुख पाहुण्याशिवाय कार्यक्रम होत नाही. कुणी वारलं तरी आम्ही शोकसभेच्या आधी अध्यक्ष ठरवतो.

"गुढीपाडव्याच्या संध्याकाळी झाडाखालीच काव्यसंध्या ठेवू," विनायकराव म्हणाले. "वॉर्डाच्या पार्षदाले पाहुना म्हनून बोलावू. तो मानूस एकदा झाडाखाली शाल पांघरून बसला की झाडाले कोन हात लावते?"

पार्षद म्हणजे इकडचे नगरसेवक. युक्ती बिनतोड होती. मीराने मात्र चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं, "झाड वाचवाचं आहे का शाल घ्याची आहे?" विनायकरावांनी ते विनोदात घेतलं. मीही हसलो, पण मनाला लागलं.

गुढीपाडव्याला बहाव्याखाली खुर्च्या मांडल्या. ज्ञानदाने सरांना उशांना टेकवून बसतं केलं, म्हणजे त्यांना खिडकीतून सगळं दिसेल. पार्षद आले ते फार उशिरा, तोपर्यंत मंडळातल्या झाडून सगळ्यांनी आपापल्या कविता वाचून घेतल्या होत्या. एकाने समुद्रावर वाचली. रायपूरपासून समुद्र किती लांब आहे, हे कुणी विचारलं नाही. माझी कविता शेवटी होती:

*हे वृक्षराजा, तुझ्या सुवर्णाश्रूंनी*
*भिजली माझ्या हृदयाची धरणी,*
*जणू दुःखच आले फुलुनी*
*तुझ्या डहाळीडहाळीवरुनी!*

यात 'हृदय' होतं आणि 'जणू'ही होतं, आणि वाचताना माझी नजर चुकून खिडकीकडे गेली. सरांनी तोंड फिरवून घेतलं होतं. पण 'डहाळीडहाळीवरुनी'ला मी खरोखर रडलो. विनायकरावांनी पार्षदांना प्रत्येक ओळीचा अर्थ हिंदीत सांगितला, आणि काय आश्चर्य, पार्षदांनीही चष्मा काढून डोळे पुसले. इंग्रज कवींना जे साधलं नसेल ते मला वॉर्डातल्या एका संध्याकाळी साधलं, असं मला त्या क्षणी वाटलं. वाटलं ते खोटं कशाला सांगू?

पार्षदांनी माइक घेतला. "आज से ये पेड़ इस वार्ड की धरोहर है," ते म्हणाले. "हम इसका सौंदर्यीकरण कराएँगे!"

टाळ्या थांबेनात. विनायकरावांनी मला मिठी मारली. शाली दोन होत्या, एक पाहुण्यांना आणि एक मला. झाड वाचलं होतं. पेपरात फोटो आला, त्यात पार्षद होते, विनायकरावांचा खांदा होता आणि खालच्या ओळीत 'अन्य साहित्यप्रेमी' होते. त्यातला अन्य तो मी.

एकदा जाहीर झालेलं काम इतक्या लवकर सुरू होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पंधरवड्यात जेसीबी आलं. झाडाभोवती गोल चबुतरा बांधायचा होता, त्यासाठी पाया खणायचा होता. ठेकेदार मोठा अदबशीर माणूस. मला पाहताच त्याने नमस्कार केला. "सर, आप ही की कविता है ना? आप ही के लिए सब हो रहा है."

त्याने मला भिंतीपाशी नेलं. गोदामाच्या भिंतीवर पेंटर माझी कविता लिहीत होता. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं, एकेक अक्षर हातभर. 'वृक्षराजा'तला 'क्ष' त्याला जमत नव्हता, तर मी त्याला खडूने काढून दाखवला. माझ्या मागे जेसीबीचा आवाज चालू होता. मी वळलो तेव्हा उकरलेल्या मातीत एक मूळ पडलं होतं, माझ्या दंडाएवढं जाड, तुटल्या जागी ओलं आणि पिवळसर. मी ते ओलांडलं आणि भिंत पूर्ण फोटोत येईना म्हणून आणखी दोन पावलं मागे गेलो. घरी आल्यावर मी फोटो मीराला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "हे खाली काय आहे? मूळ तोडलं का यांनी?"

"थोडंसं. चबुतऱ्यासाठी."

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि आत गेली.

चबुतरा झाला. खोडाला चिकटून थेट सिमेंट, वरून चकचकीत टाइल्स. 'काव्य-कुंज' अशी पाटी लागली. मग दिवे आले. खोडाला आणि फांद्यांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. त्या लाल, हिरव्या, निळ्या अशा आळीपाळीने पेटत. पहिल्याच आठवड्यात झाडावरचे पोपट आणि साळुंक्या निघून गेल्या. लोक संध्याकाळी तिथे सेल्फी काढायला येऊ लागले. चबुतऱ्यावर बसून कविता कुणी वाचली नाही, चाट मात्र पुष्कळ खाल्ली.

ज्ञानदा एका सकाळी आमच्याकडे आली. तिचे डोळे सुजले होते. "काका, बाबा झोपून नाही राहिले. त्या लाइटा त्यांच्या छतावर नाचतात. पडदा लावला का हाताने ओढून काढतात. त्यांना झाड पाहिजे, पन लाइट नको."

मी ठेकेदाराला फोन केला. लावण्याचा ठेका आपला होता, चालू ठेवण्याचा दुसऱ्याचा, असं तो म्हणाला. दुसऱ्याला केला, तर तो म्हणाला की चालू ठेवण्याचाच आदेश आहे, बंद करण्याचा नाही. पार्षदांना केला, तर त्यांचा माणूस म्हणाला, "भैया, लोग तो तारीफ़ कर रहे हैं." अखेर साहूजींनी दुकानातला वायरमन बोलावला, दुपारच्या उन्हात रस्ता सुना असताना वायर कापली आणि मला म्हणाले, "किसी को बोलना मत. आपके सर मेरे बेटे को फ्री में पढ़ाए थे." ज्या माणसावर मी संशय घेतला होता तो हा.

एप्रिल संपत आला. दरवर्षी या सुमारास बहावा कळ्यांनी लटकतो. यंदा मोजून दोन घोस आले, तेही सरांच्या खिडकीच्या बाजूच्या फांदीवर. बाकी झाड वाळकं दिसत होतं. मला त्याचं कारण माहीत होतं आणि मी ते मनाशीसुद्धा म्हणत नव्हतो. सर त्या दोन घोसांकडे पाहत. ज्ञानदाने सांगितलं, की ते आता सकाळी उठल्याउठल्या खिडकीकडे बोट करतात आणि तिने पडदा सारला की चहा घेतात. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं होतं. आता त्यांनी ओळ मागितली नसती, पण त्या झाडापुढे उभं राहायची माझी छाती नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी धुळीचं अंधड आलं. आभाळ मातकट झालं, कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा उडाला, आणि मग एक आवाज आला. करकर वगैरे काही नाही. बुडाखालून काहीतरी निसटल्याचा आवाज. मी खिडकीशी गेलो. बहावा आडवा पडला होता आणि त्याच्याबरोबर अर्धा चबुतरा टाइल्ससकट उचलला गेला होता. मुळं होतीच कुठे धरून ठेवायला? 'काव्य-कुंज'ची पाटी फांद्यांखाली सपाट झाली होती. साहूजींची गाडी त्या दिवशी नेमकी दुकानावर होती. कुणाला काही लागलं नाही. ते दोन घोस रस्त्यावरच्या धुळीत पडले होते आणि वाऱ्याने त्यांच्या पाकळ्या घरंगळत होत्या.

मी खाली गेलो नाही. मीरा गेली. तिने ते घोस उचलून ज्ञानदाकडे नेऊन दिले. परत आली तेव्हा ती रडत होती. लग्नानंतर मी तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलंय आणि दर वेळी कारण खरं होतं.

पडलेलं झाड रस्ता अडवून होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मला पुन्हा झोन ऑफिसात जावं लागलं. या वेळी वृक्ष शाखेचे बाबू जागेवर होते. मतदार यादीतून सुटून आले होते आणि त्यामुळे सगळ्या जगावर रागावलेले होते.

"कौन सा पेड़?"

"एक सौ बारह नंबर. जिसको काटने वाले थे."

"किसने कहा काटने वाले थे?"

"लाल नंबर डाला था."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वो गणना का नंबर है. पेड़ों की गिनती चल रही है. जिस पर नंबर है, उसको तो बिना परमिशन कोई छू भी नहीं सकता. इसीलिए तो नंबर डालते हैं. आपकी पूरी लाइन पर डाला है, देखा नहीं क्या?" मग आवाज चढवून म्हणाले, "और ये चबूतरा किसके कहने पर बना? नोटिस निकलेगा. आपका नाम क्या है?"

मी नाव सांगितलं. शेवटी झाडाच्या संदर्भात माझं नाव सरकार दरबारी लागलं, पण निसर्गकवी म्हणून नव्हे.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मी थांबलो. पहिल्या करंजावर लाल रंगात १०७ होतं. पुढच्या कडुनिंबावर १०८. मग गुलमोहर, मग पुन्हा करंज, क्रमाने, सगळीकडे, आणि पडलेल्या बहाव्याच्या पुढे ११३. मी रोज या रस्त्याने दूध आणतो. दीड-दोन महिने या झाडांना वळसा घालून मी पार्षदांकडे, पेंटरकडे, विनायकरावांकडे गेलो होतो. मला एकही आकडा दिसला नव्हता. आणि एक आडवा पडलेला माणूस खिडकीतून बोट फिरवून मला सांगत होता, बघ, बघ, बघ. मी त्याचा हात धरून रडलो होतो. मला माझी इतकी लाज वाटली की मी घरी न जाता सरळ सरांकडे गेलो.

ज्ञानदाने दार उघडलं. "कालपासून जेवून नाही राहिले, काका. नुसते तिकडे पाहून राहिले."

सरांच्या खिडकीतून आता आभाळ दिसत होतं आणि आभाळाखाली गोदामाची भिंत. झाडाने आजवर ती झाकली होती. आता तिच्यावरची हिरव्या जमिनीवरची हातभर पिवळी अक्षरं पलंगावरून सरळ वाचता येत होती. हे वृक्षराजा. सुवर्णाश्रूंनी. हृदयाची धरणी. जणू. या माणसाने जन्मभर मला जे टाळायला सांगितलं ते सगळं आता उरलेला जन्म त्याच्या डोळ्यांपुढे राहणार होतं. उशाशी वाटीत पाण्यावर मीराने आणलेल्या पाकळ्या होत्या, त्याही काळवंडल्या होत्या.

"सर," मी म्हणालो, "तो आकडा मोजणीचा होता. झाड कुणी तोडणार नव्हतं. मी पाडलं ते."

"हं," सर म्हणाले. त्यांना ते माहीत होतं. ते माझ्यावर रागावलेले दिसत नव्हते, आणि तेच मला सोसवेना. त्यांनी डावा हात उचलला, खिडकीच्या मोकळ्या जागेकडे नेला आणि मग माझ्या तोंडाकडे आणला. पुन्हा खिडकी, पुन्हा माझं तोंड. या वेळी मी त्यांचा हात धरला नाही. मी पाहत राहिलो. सर झाड मागत होते.

मी उठलो आणि पडदा ओढून ती भिंत झाकली. मग स्टुलावर बसलो.

"बहावा होता," मी म्हणालो, आणि अडलो. पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्यावर शंभर कविता केल्या, पण पहिली फांदी कुठून फुटत होती ते आठवेना. "खोड सरळ होतं."

"नाही," सर म्हणाले आणि पांघरुणावर बोटाने एक रेघ ओढली. ती खालून वर गेली आणि मध्ये डावीकडे वळली.

"हो. डावीकडे झुकलेलं होतं. वर दोन फांद्या फुटल्या होत्या." मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. "तीन. तिसरी बारीक, तुमच्या खिडकीकडे आलेली. तिच्यावर शेंगा होत्या. वारा सुटला की एकमेकींवर आपटायच्या. सकाळी ऊन आधी भिंतीवर यायचं, मग झाडावर. दुपारी पोपट यायचे, ते शेंगा खायचे नाहीत, नुसते फांदीवर बसायचे. खाली साहूजींच्या गाडीच्या काचेवर पानं चिकटायची. यंदा त्या तिसऱ्या फांदीवर दोन घोस आले होते. एक पूर्ण उमललेला. दुसऱ्याच्या खालच्या कळ्या अजून मिटलेल्या."

माझे डोळे कोरडे होते. दारात ज्ञानदा तोंडाला पदर लावून उभी होती. मी थांबलो, कारण मला वाटलं सर झोपले. त्यांनी डोळे मिटले होते, कविता ऐकताना मिटत तसे.

मग त्यांचे ओठ हलले. शब्द यायला फार वेळ लागला आणि ज्ञानदा पुढे आली, कारण दिवाळीपासून तो तिने ऐकला नव्हता.

"पुढे," सर म्हणाले.